अमन लॉज ते माथेरान शटल: लहान मुलासोबत बाराशे रुपयांतला एक दिवस

दोन ते सहा वर्षांचं मूल घेऊन माथेरानला एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर सगळा बेत एका छोट्या पट्ट्यावर ठरतो. दस्तुरी नाक्यापासून माथेरानच्या बाजारापर्यंतचं हे अंतर अडीच-तीन किलोमीटर आहे. नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही. मोठ्या माणसाला हे चालणं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं, तीन वर्षांच्या मुलाला सव्वा तासाचं, तेही वाटेत दोनदा कडेवर घेतलं तर. इथेच मूल थकतं, मग घोडा करावा लागतो, मग हमाल लागतो, आणि स्वस्तातली सहल महाग होऊन बसते. या पट्ट्यावर, दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत धावणारी रेल्वेची शटल म्हणूनच नीट समजून घ्यायला हवी.

नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची लाइन १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी ती बांधून घेतली. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान अशी पाच स्थानकं. लांबी सुमारे २१ किलोमीटर, वळणं दोनशेच्या वर. नेरळहून सुटणारी पूर्ण गाडी वर यायला अडीच तासांहून जास्त वेळ घेते. २०१९च्या पावसात मार्ग वाहून गेल्यावर ही पूर्ण सेवा बंद होती, ती ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तिच्याबद्दल सगळ्यांनाच ओढ आहे. तरी सहा वर्षांखालच्या मुलासाठी तिची शिफारस करता येत नाही. डब्यात शौचालय नाही, बाक अरुंद आहेत, आणि पहिल्या अर्ध्या तासाचं नवल ओसरलं की पुढचे दोन तास मुलाला एका जागी बसवणं कठीण जातं. गाड्या मोजक्याच असल्यामुळे शनिवार-रविवारी तिकीट मिळण्याचीही खात्री नाही.

शटल मात्र मुलाच्या मापाची आहे. अमन लॉजहून माथेरानला पोचायला अठरा-वीस मिनिटं लागतात. इंजिन तेच, रूळ तेच, दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर येते तीही तीच. मूल कंटाळायच्या आत स्थानक येतं. पावसाळ्यात घाटातली पूर्ण गाडी जूनच्या मध्यापासून साधारण ऑक्टोबरपर्यंत बंद असते, तेव्हाही शटल चालू राहते.

तिकिटाची पद्धत साधी आहे, पण तीच नडते. घरी बसून आरक्षण करायची सोय गृहीत धरू नका. तिकीट खिडकीवर, गाडी सुटण्याच्या थोडा वेळ आधी मिळतं. डबे थोडे आणि छोटे असल्यामुळे रविवारी सकाळी दहानंतर आलेल्यांना पुढच्या फेरीसाठी थांबावं लागतं, आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर तासाच्या वर असू शकतं. दुसऱ्या वर्गासाठी मोठ्यांना माणशी साठ रुपये धरून चला. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण वेगळी जागाही नाही, मांडीवरच घ्यायचं. पाच ते बारा वयोगटाला अर्धं तिकीट. शनिवार-रविवारच्या फेऱ्या आठवड्यातल्या फेऱ्यांपेक्षा जास्त असतात आणि वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. निघण्याच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं चालू वेळापत्रक पाहून ठेवा, दोन वर्षांपूर्वी कोणी पाठवलेला फोटो नको. पहिल्या वर्गाचं तिकीट काढायची गरज नाही. वीस मिनिटांसाठी तेवढा फरक पैशाच्या मानाने पटत नाही, आणि खिडकी दोन्हीकडे तितकीच मोठी आहे.

डब्यात चढताना पायरी उंच वाटते कारण फलाट बुटका आहे. आधी एका मोठ्याने चढावं, मग मूल आत द्यावं. खिडकीतून हात बाहेर काढू देऊ नका. काही ठिकाणी फांद्या आणि दगडी कड खरोखर वीतभर अंतरावर येतात.

आता दस्तुरीपर्यंत कसं यायचं ते. मुंबई-ठाण्याकडून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरायचं, दुसऱ्या वर्गाचं भाडं एका बाजूने माणशी तीसच्या घरात. पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी, मधलं भिवपुरी सोडलं की नेरळ. स्टेशनबाहेर दस्तुरीसाठी शेअर टॅक्सी मिळते, सीटचे साधारण शंभर रुपये. मूल मांडीवर असेल तर सहसा वेगळी सीट लावत नाहीत, पण बसण्याआधीच विचारून घ्या. टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही. सकाळी आठच्या सुमाराला ती पाच मिनिटांत भरते, दुपारी वीस मिनिटं लागू शकतात.

हा सात-आठ किलोमीटरचा घाट चढाचा आणि आखूड वळणांचा आहे, आणि दिवस बिघडवणारी पहिली गोष्ट इथेच घडते: मुलाला उलटी होते. लोकलमध्ये दूध पाजून लगेच टॅक्सीत बसवणं हे त्याचं नेहमीचं कारण. दूध निघण्याआधी घरीच द्या. नेरळला उतरल्यावर दोन कोरडी बिस्किटं किंवा थोड्या लाह्या द्या, अगदी रिकाम्या पोटीही मळमळतं. पुढची सीट मिळाली तरी मूल पुढे घेऊन बसू नका. मागे खिडकीशी बसवा, काच उघडी ठेवा आणि मोबाइल हातात देऊ नका. एक रिकामी पिशवी आणि ओला रुमाल हाताशी ठेवायचा, बॅगेच्या तळाशी नको.

दस्तुरीला नगरपरिषदेचं प्रवेश शुल्क भरावं लागतं, मोठ्यांना पन्नास रुपये धरा, मुलांना त्याच्या निम्मं. पावती जपून ठेवा. इथून अमन लॉज स्थानक पाच-दहा मिनिटांवर आहे, आणि याच पाच मिनिटांत सगळ्यात जास्त पैसे गळतात. "गाडी बंद आहे", "गाडी गेली, आता दुपारीच", "बाजार पाच किलोमीटर आहे" अशी वाक्यं इथे ऐकू येतात. पर्यटकांच्या या दिशाभुलीला माथेरानकरही इतके कंटाळले की मार्च २०२५मध्ये त्यांनी त्याविरोधात बंद पुकारला होता. कोणाशी वाद न घालता रुळांच्या दिशेने चालत राहायचं आणि गाडीबद्दल फक्त रेल्वेच्या खिडकीवर विचारायचं. घोडेवाल्यांचं पोट या धंद्यावर आहे, त्यांच्याशी तुसडेपणाने बोलायचं कारण नाही. नको असेल तर एकदा "नको, दादा" म्हणावं, तेवढं पुरतं.

सहा वर्षांखालच्या मुलाला घोड्यावर बसवू नका, हा सल्ला पैसे वाचवण्यासाठी दिलेला नाही. रिकिबीत पाय पोचत नाहीत, मापाचं हेल्मेट मिळत नाही, आणि माकड किंवा प्लॅस्टिकची पिशवी आडवी आली की घोडा बिचकतो. ई-रिक्षा डिसेंबर २०२२मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाल्या, तेव्हा भाडं ३५ रुपये होतं. शटल चुकली तर तो चांगला पर्याय आहे, फक्त गाड्या कमी आणि रांग मोठी. माणसाने ओढायच्या हातरिक्षा बंद करायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला, त्यामुळे बेतात त्यांना जागा ठेवू नका.

माथेरान स्थानकावर उतरल्यावर लगेच बाहेर पडायची घाई करू नका. गाडी आली की थांबलेलं छोटं इंजिन निवांत पाहायला मिळतं. मुलांना गाडीच्या प्रवासापेक्षाही हे जास्त आवडतं आणि ते फुकट आहे. सुरक्षित अंतरावर उभं राहून दहा मिनिटं पाहू द्या.

त्यानंतर एकच पॉइंट आणि एक बाग, एवढ्यावर थांबा. माथेरानच्या पॉइंटांची यादी लांबलचक आहे. पॅनोरमा पॉइंट सुंदर आहे, पण मुलासोबत तो विचारात घेऊ नका, अंतर फार आहे. शार्लोट तलाव आणि इको पॉइंट ही जोडी चालत करता येते, तरी जाऊन-येऊन तीन तास लागतात आणि परतताना मूल कडेवरच असतं. बाजाराजवळचा खंडाळा पॉइंट, आणि खेळायला पेमास्टर पार्क किंवा माधवजी बाग, एवढ्यात सकाळ भरते. पॉइंटच्या कडेला सगळीकडे कठडे नाहीत. जिथे आहेत तिथल्या आडव्या दांड्यांमधून लहान मूल सहज निघतं. बोट धरू नका, मनगट धरा. बोट ओल्या हातातून निसटतं.

बाबागाडी घरीच ठेवा. तांबड्या मातीत, दगडांत आणि मुळांत तिची छोटी चाकं रुततात आणि शेवटी गाडीही उचलावी लागते, मूलही. पाठीवर किंवा पोटाशी बांधायची झोळी आणा. दुपारची झोप त्यातच होते आणि खोली घ्यावी लागत नाही. खोलीचा खर्च वाचला की अर्धं बजेट वाचलं. मुलाला जुने बूट घाला, इथली धूळ कापडी बुटातून धुऊन निघत नाही. पांढरे कपडे तर नकोतच.

वर सगळं महाग का, हे मुलांना नाही पण आपल्याला कळायला हवं. टेम्पो येत नाही. भाजी, दूध, पाण्याचे खोके, गॅसची टाकी, सगळं घोड्यावर, हातगाडीवर किंवा रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून येतं, आणि ती हमाली प्रत्येक वस्तूच्या किमतीत मिसळते. म्हणून तिघांसाठी तीन लिटर पाणी खालूनच न्या. जेवणाला तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, मुलासाठी वेगळ्या डब्यात तूप घातलेला मऊ भात. दहीभात नेऊ नका, घाटाच्या हिंदकळण्यात डबा सांडतो. चहा आणि एखादी भजीची प्लेट वर घ्या, गावातल्या टपरीवाल्यालाही चार पैसे मिळू देत.

खाणं उघड्यावर काढायचं नाही, कारण माकडं. ती पिशवी पाहून येतात, विशेषतः कुरकुरणारी प्लॅस्टिकची. हातातलं केळं, रंगीत दुधाची बाटली, खिशातलं चिप्सचं पाकीट, काहीही ओढून नेतात, आणि त्या झटापटीत मुलाला ओरखडा येऊ शकतो. सगळं सामान चेनच्या पाठपिशवीत, खाणं बंद डब्यात, आणि जेवायला छपराखालची जागा. माकड आलंच तर पदार्थ सोडून द्या, ओढाताण करू नका. माकडाने चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रेबीजच्या लशीचा निर्णय त्यांनी घ्यायचा असतो.

खर्चाचा हिशेब दोन मोठे आणि पाचखालचं एक मूल असा धरला आहे. लोकल जाऊन-येऊन १२०, टॅक्सी दोन्ही वेळेची ४००, प्रवेश १००, शटल दोन्ही वेळेची २४०. हे ८६० झाले. वर चहा-भजी, शौचालयाचे सुटे पैसे, चिक्कीचं एक पाकीट मिळून तीनशे-साडेतीनशे. सहा-सात वर्षांचं मूल असेल तर अर्धं तिकीट, टॅक्सीची सीट आणि निम्मं प्रवेश शुल्क धरून सुमारे सव्वातीनशे आणखी. रोख पैसे सुट्यांत न्या, रेंज गेली की मोबाइलने पैसे देणं अडतं.

महिन्यांमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त नाताळचा आठवडा सोडून. मे महिन्यात घोड्यांच्या टापांनी उडणारी तांबडी धूळ बरोबर मुलाच्या उंचीवर असते, दमा असलेल्या मुलाला तेव्हा नेऊच नका. पावसात चार वर्षांवरच्या मुलासोबत मजा येते, पण धुक्यात पॉइंटवरून काही दिसत नाही आणि कडा निसरडी असते. तेव्हा गाडी आणि बाजार एवढ्यावरच समाधान मानावं.

शटलला आमच्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो रांगेसाठी: उन्हात मूल घेऊन उभं राहणाऱ्यांना वेगळी खिडकी नाही, आणि जागा संपल्याचं रांगेच्या शेवटच्या माणसाला कळतच नाही.

परतीची फेरी सकाळी उतरतानाच ठरवा. दीड-दोनच्या सुमाराची धरा, शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नका, कारण तिच्यासाठी सगळं माथेरान स्थानकावर येतं. फेरीच्या तासभर आधी एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने मुलाला फलाटावर इंजिन दाखवायचं. या हिशेबाने साडेतीनपर्यंत नेरळ गाठता येतं. तेव्हा कर्जतहून येणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा असते. पाचनंतर नेरळच्या फलाटावर ट्रेकहून परतणाऱ्यांची गर्दी होते आणि झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन कल्याणपर्यंत उभं राहावं लागतं.