डब्लिनमध्ये टीव्ही घेतलाय, आता चॅनल कुठून? ॲरियल, डिश की महिन्याचं पॅक

आतेभाऊ पुण्याहून डब्लिनजवळच्या ल्यूकनला राहायला आला, आल्या आल्या सेलमध्ये ४३ इंची टीव्ही उचलला आणि रात्री साडेदहाला मला फोन, "ताई, इथे केबलवाला कोण गं?" म्हटलं अरे केबलवाला बिलवाला नाही, आधी लायसन्सचं बघ. तो हसला, त्याला वाटलं मी गाडीच्या लायसन्सबद्दल बोलतेय. असे फोन मला वर्षातून तीन-चार तरी येतात, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

तर टीव्हीचं लायसन्स. इथे आयर्लंडमध्ये घरात टीव्ही आला की वर्षाला १६० युरो भरायचे. २००८ पासून हाच आकडा आहे, बाकी सगळं महागलं पण हे नाही. घरामागे एकच लागतं, टीव्ही तीन असले तरी. "आम्ही तर नुसतं नेटफ्लिक्स बघतो" हे कारण चालत नाही, कारण तुम्ही काय बघता हा मुद्दाच नाही, तो सेट सिग्नल पकडू शकतो एवढं पुरे. बंद पडलेला पण दुरुस्त होण्यासारखा टीव्ही असला तरी लागतं. पण घरात टीव्हीच नाही, सगळं लॅपटॉप नाहीतर फोनवर चाललंय, तर एक पैसा भरायचा नाही. म्हणजे पहिला निर्णय पॅक कुठलं हा नाहीच, टीव्ही हवाय का हा आहे! दोघंच असाल, ऑफिसातून आठला येऊन मोबाईलवर मराठी मालिकेचा एपिसोड बघून झोपत असाल तर खरंच नका घेऊ. पकडलं गेलं आणि कोर्टात गेलं तर पहिल्यांदाच १००० युरोपर्यंत दंड आहे. पोस्टात भरता येतं, डायरेक्ट डेबिट लावता येतं, ७० च्या पुढच्यांना माफ आहे.

हा पैसा मुख्यतः जातो आरटीईला, म्हणजे इथलं सरकारी दूरदर्शन, फक्त दूरदर्शनवाल्यांना लायसन्स नाही आणि यांना लायसन्सही आहे आणि जाहिरातीही. २०२३ च्या जूनमध्ये बाहेर आलं की त्यांच्या सगळ्यात महागड्या अँकरला, रायन टब्रिडीला, २०१७ ते २०२२ मध्ये जाहीर आकड्यापेक्षा ३,४५,००० युरो जास्त दिले होते, मग संसदेच्या समितीपुढे चौकश्या, पार्टीसाठी घेतलेल्या चपलांचं जवळपास ५ हजार युरोचं बिल, बॉस बाईंचा राजीनामा, आणि लोकांनी लायसन्स भरणंच कमी केलं. शेवटी २०२४ मध्ये सरकारने आरटीईला तीन वर्षांसाठी ७२.५ कोटी युरो द्यायचं ठरवलं आणि लायसन्स तसंच चालू ठेवलं. ऑफिसात कुणी आयरिश माणूस या विषयावर सुरू झाला तर चहा गार होतो तुमचा, सांगून ठेवते.

आता टीव्ही ठेवायचाच ठरलं, तर सगळ्यात स्वस्त म्हणजे सेअरव्ह्यू. सेअर म्हणजे आयरिश भाषेत मोकळं, फुकट. एक यूएचएफ ॲरियल, म्हणजे आपला अँटेना, आणि त्यासाठी चालणारा टीव्ही किंवा बॉक्स, बस, महिन्याचं काही नाही. आरटीई वन, आरटीई टू, टीजी4, व्हर्जिन मीडियाची चॅनल, बातम्यांचं एक, लहान मुलांची, आणि संसदेचं थेट प्रक्षेपण सुद्धा. जुनं ॲनालॉग २४ ऑक्टोबर २०१२ ला बंद झालं त्यामुळे माळ्यावरचा जुना बॉक्स कुणी प्रेमाने देत असेल तर हात जोडून नाही म्हणा. मला एका दुकानाने असाच बॉक्स विकला होता, घरी आणला तर चित्र काळं आणि आवाज तेवढा येतोय, कारण त्यात एमपेग फोर, म्हणजे चित्र उलगडायची नवी पद्धत, नव्हतं आणि इथे ते लागतंच. पावती होती म्हणून वाचले.

डब्लिनमध्ये थ्री रॉक डोंगराकडे, जिथे प्रक्षेपणाचा टॉवर आहे, तोंड असलं की बरेचदा माळ्यावर ठेवलेलं ॲरियलसुद्धा चालतं. खिडकीत ठेवायचं छोटं ॲरियल मात्र नशिबावर आहे, बस गेली की चित्राचे चौकोन होतात.

दुसरा पर्याय डिश. इथे बऱ्याच नवीन लोकांना माहीतच नसतं की बीबीसी, आयटीव्ही, चॅनल फोर हे ब्रिटनचे चॅनल सॅटेलाइटवरून कुठलंही पॅक न घेता उघडे दिसतात. भिंतीवर आधीच्या भाडेकरूची डिश लटकत असेल, दक्षिण-पूर्वेकडे बघत, तर अर्धं काम झालं. सेअरव्ह्यू आणि सॅटेलाइट दोन्ही एकत्र घेणारा कॉम्बो बॉक्स मिळतो, एकदाच खर्च. फक्त एचडी घ्या, कारण बीबीसीने २०२४ मध्ये सॅटेलाइटवरचं साधं एसडी बंद केलं. आणि बीबीसीचं ॲप इथे चालणार नाही, ते उत्तर आयर्लंडमध्ये चालतं, बॉर्डरच्या अलीकडे नाही. म्हणजे चॅनल लाइव्ह दिसेल पण हुकलेला एपिसोड नंतर बघता येणार नाही.

हे शेजारच्या देशाचे सिग्नल पकडायचं वेड इथे फार जुनं आहे. आयर्लंडचं स्वतःचं टीव्ही ३१ डिसेंबर १९६१ ला सुरू झालं, त्याच्या आधीपासून पूर्व किनाऱ्यावरचे लोक उंच उंच काठ्या लावून बीबीसी बघत होते. पश्चिमेकडच्यांना मात्र एकच चॅनल. ७० च्या दशकात सरकारच्या मनात होतं की बीबीसी वनच सगळ्या देशात दाखवू, लोकांना विचारलं तर लोक म्हणाले नको, आपलंच दुसरं चॅनल द्या, आणि १९७८ मध्ये आरटीई टू आलं.

तिसरं म्हणजे पॅक, स्काय, व्हर्जिन, एअर वगैरे कंपन्यांचं, बहुतेक ब्रॉडबँडच्या जोडीने. इथे एक घोळ सगळ्यांचा होतो. व्हर्जिन मीडिया वन हे चॅनल बघायला व्हर्जिनचं कनेक्शन लागत नाही, ते सेअरव्ह्यूवर फुकट आहे. हे चॅनल मूळचं टीव्ही3, १९९८ मध्ये सुरू झालं, २०१५ मध्ये केबल कंपनीने विकत घेतलं आणि २०१८ मध्ये नाव बदललं. मालक लिबर्टी ग्लोबल. स्काय २०१८ पासून कॉमकास्टचं, म्हणजे अमेरिकेचं. मालकी बदलली की कार्यक्रम कसे इकडचे तिकडे होतात बघा: ब्रिटनची ती जुनी कोरोनेशन स्ट्रीट मालिका टीव्ही3 कडून यूटीव्ही आयर्लंड नावाच्या नव्या चॅनलने पळवली, ते चॅनल १ जानेवारी २०१५ ला सुरू झालं, धंदा जमला नाही आणि पुढच्याच वर्षी टीव्ही3 च्या मालकांनी ते अख्खं चॅनलच १ कोटी युरोला घेतलं. सूनही परत आली आणि तिचं माहेरही.

पॅक मी एकाच कारणासाठी घ्या म्हणेन, क्रिकेट. भारताची इंग्लंडमधली टेस्ट सिरीज असली की स्काय स्पोर्ट्स लागतंच. पण तेवढ्यासाठी वर्षाचा करार कशाला, स्कायच्याच नाऊ ॲपवर महिन्यापुरतं घेऊन सोडता येतं. माझा एका कंपनीशी बारा महिन्यांचा करार होता, तेराव्या महिन्याला बिल जवळजवळ दुप्पट, विचारलं तर म्हणे ऑफर संपली मॅडम. तेव्हापासून मी करार संपायची तारीख फ्रिजवर लिहून ठेवते.

आता बघण्यासारखं काय, कारण शेवटी त्यावरच ठरतं. आरटीई वनवर शुक्रवारी रात्री लेट लेट शो, १९६२ पासून चालू आहे, २०२३ पासून पॅट्रिक किल्टी करतो. गप्पा मला कधी आवडतात कधी नाही पण ख्रिसमसच्या आधीचा टॉय शो चुकवू नका, मुलं खेळणी तपासून बघतात, अँकर विचित्र स्वेटर घालतो, आणि सोमवारी शाळेत त्याशिवाय विषय नसतो. तुमचं पोर शाळेत असेल तर एवढ्यासाठी सुद्धा ॲरियल लावा, त्या दिवशी ते एकटं पडायला नको. व्हर्जिनवर सकाळी आयर्लंड एएम आणि बाकी बराचसा ब्रिटनचा माल. दोघांत निवडायचं तर बातम्यांना मी आरटीईच लावते.

आणि टीजी4, उच्चार टी-जी-काहर, काहर म्हणजे चार. १९९६ मध्ये पश्चिमेकडच्या कॉनेमारामध्ये सुरू झालेलं आयरिश भाषेचं चॅनल. आपल्या लोकांनी हे उगाच दुर्लक्षित केलंय. इथल्या शाळेत आयरिश सक्तीची असते, बारा वर्षांच्या आत आलेल्या मुलांना सहसा सूट नाही, आणि घरी ना आईला येत ना बाबांना. माझी मुलगी टीजी4 च्याच मुलांसाठीच्या कूला4 वर आयरिश बोलणारा स्पंजबॉब बघून जेवढं शिकली तेवढं मी वही घेऊन बसून शिकवू शकले नसते. मोठ्यांच्या बऱ्याच कार्यक्रमांना इंग्रजी सबटायटल्स असतात. तिचे आजी-आजोबा आले होते तर त्यांनाही हेच लावून दिलं, डोंगर, मेंढ्या आणि गाणी, दोघं खूश.

आतेभावाला मी सेअरव्ह्यूचं ॲरियल घ्यायला लावलं, पॅक नाही. शनिवारी आम्ही बसवलं. संध्याकाळी सहाला टण टण घंटा सुरू झाली, पडद्यावर एक माणूस नुसता शांत बसलेला, मिनिटभर कोणी बोलेना, तर हा म्हणतो "ताई हँग झाला गं." अँजेलस आहे रे, प्रार्थनेची घंटा, रोज वाजते, बातम्या सहा वाजून एक मिनिटाने. त्याने तोपर्यंत प्लग काढला होता.