वादळात कॅरव्हॅनचं छत फुटलं, क्लेम केला: उन्हाळाभर वापरून झाल्यावरचा अनुभव

आम्ही वेल्समध्ये स्वान्झीला राहतो, सेकंडहँड घेतलेली चार बर्थची टुरिंग कॅरव्हॅन (मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) आहे, हिवाळ्यात ती गावाबाहेरच्या स्टोरेज यार्डात उभी असते. डिसेंबर 2024 मध्ये डॅरा वादळ आलं तेव्हा आमच्या किनाऱ्याला रेड वॉर्निंग होती, शुक्रवारी संध्याकाळी सरकारी अलर्टने घरातले सगळे फोन एकदम किंचाळले आणि शनिवारी पहाटे 3 ते सकाळी 11 ती वॉर्निंग लागू होती. उत्तर वेल्समधल्या कापेल क्युरिगला ताशी 93 मैलांचा झोत नोंदला गेला. यार्डाचा रस्ता मोकळा झाल्यावर जाऊन बघतो तर झाडाची जाड फांदी छतावर, मोठा रूफलाइट, म्हणजे छतातली खिडकी, फुटलेला, एका खिडकीला तडा आणि आत पाऊस पडून गेलेला. लगेच फोटो काढले, वर ताडपत्री बांधली.

ओळखीतले बहुतेक कॅरव्हॅनवाले म्हणाले क्लेमच्या भानगडीत पडू नका, नो क्लेम डिस्काउंट, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जाईल. मग मी वही घेऊन बसले. आमचा एक्सेस, म्हणजे क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम, 150 पौंड, प्रीमियम वर्षाला 300 च्या आसपास, त्यावर 15 टक्के डिस्काउंट, म्हणजे तो गेला तर वर्षाला साधारण 50 पौंडांचा फटका, तीन वर्षांचे 150 धरा. एक्सेस आणि हे मिळून 300, म्हणजे बिल त्याच्या आतबाहेर असेल तर खिशातून भरलेलं बरं. नुसती खिडकी गेली असती तर मी क्लेम केलाच नसता. रूफलाइट आणि खिडकी मिळून नवऱ्याने अंदाज काढला 700, त्याचं म्हणणं पडलं की जाऊ दे, आपणच भरू.

पण कॅरव्हॅनमध्ये खरं नुकसान काचेचं नसतं, पाण्याचं असतं. आतला बोर्ड म्हणजे पातळ प्लायवूड, त्यामागे थर्माकोलसारखं इन्सुलेशन, कुठेकुठे लाकडी पट्ट्या, आणि एकदा पाणी मुरलं की ते बाहेरून दिसत नाही, वास येईपर्यंत कळतही नाही. म्हणून काही ठरवायच्या आधी अ‍ॅप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीममधल्या (कॅरव्हॅन दुरुस्ती करणाऱ्या मान्यताप्राप्त वर्कशॉपची योजना), घरी येऊन काम करणाऱ्या मोबाइल इंजिनिअरला बोलावलं. त्याने ओल मोजायच्या मीटरच्या दोन पिना छताच्या बोर्डला टेकवत टेकवत रूफलाइटपासून कपाटापर्यंत रीडिंग घेतलं. साधारण 15 टक्क्यांपर्यंत ठीक, 20 च्या पुढे काळजी. आमच्याकडे कपाटाजवळ 14 आणि रूफलाइटच्या कडेला 30 च्या वर. तिथे अंगठा दाबला तर बोर्ड आत जात होता. छताचा तो भाग काढून, सुकवून, नवीन बसवायचं एस्टिमेट आलं 2,100 पौंड. विषय संपला, क्लेम केला.

इन्शुरन्सवाल्यांनी आधी हात वर केले. म्हणे ही ओल हळूहळू मुरलेली दिसते, वेअर अँड टेअर, म्हणजे वापराने होणारी झीज, पॉलिसीत बसत नाही. इथे कामाला आला तो आदल्या वर्षीच्या सर्व्हिसचा डॅम्प रिपोर्ट (ओलीच्या तपासणीचा कागद), त्यात छतावर सगळीकडे 15 च्या आतली रीडिंग्ज लिहिलेली होती. फायनान्शियल ओम्बुड्समन (इन्शुरन्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) वादळाच्या तक्रारीत तीन गोष्टी बघतो: त्या सुमारास खरंच वादळ होतं का, नुकसान वादळाने होतं तसंच आहे का, आणि मुख्य कारण वादळच होतं का. मी माझं पत्र याच तीन मुद्द्यांवर लिहिलं, मेट ऑफिसच्या (इथल्या हवामान खात्याच्या) नोंदी, फोटो आणि तो रिपोर्ट जोडला. ओम्बुड्समनपर्यंत जावंच लागलं नाही, कंपनीने मान्य केलं. तरी वर्कशॉपची तारीख मिळून काम होईपर्यंत वसंत ऋतू उजाडला, तेवढा वेळ लागतो हे धरूनच चला.

आता वापराबद्दल. उन्हाळाभर पेम्ब्रुकशायरला, एकदा डेव्हनला नेली, रात्रभर झोडपणाऱ्या पावसात झोपलो, एक थेंब आत नाही. नवीन बोर्डचा रंग जुन्यापेक्षा जरा उजळ आहे, दिवा लावला की सांधा दिसतो, मला त्याचं काही वाटत नाही. रूफलाइट पहिल्यापेक्षा घट्ट बंद होतो. पुन्हा मीटर लावून घेतला, कडेला 12 आलं आणि मला खरंच बरं वाटलं. रिन्यूअलला प्रीमियम माझ्या हिशोबापेक्षा थोडा जास्तच वाढला, 80 पौंडांनी, पण 2,100 पुढे काहीच नाही.

क्लेम न करायचं ठरवलं तरी घटना कळवायची अट बहुतेक पॉलिसीत असते, आणि पुढे नवीन कंपनीने फॉर्मवर नुकसान किंवा घटना विचारली तर खरं लिहावंच लागतं, त्यामुळे गुपचूप पैसे भरले की रेकॉर्ड कोरं राहतं असं धरू नका. कॅरव्हॅन जुनी असेल तर पॉलिसी मार्केट व्हॅल्यूची (आजच्या बाजारभावाने भरपाई) आहे की न्यू फॉर ओल्ड (जुन्याच्या बदल्यात नव्याची किंमत) ते आधी बघा, कारण मार्केट व्हॅल्यू असेल आणि दुरुस्ती त्या किमतीच्या जवळ गेली तर कंपनी राइट ऑफ करून, म्हणजे दुरुस्तीलायक नाही असं ठरवून, पैसे हातात ठेवेल आणि ज्यांचा कॅरव्हॅनवर जीव आहे त्यांना ते नको असतं. ऑनिंगचं (कॅरव्हॅनला बाहेरून जोडायच्या तंबूचं) कलम वेगळं वाचा, लावून ठेवलेलं असताना वादळात फाटलं तर बऱ्याच पॉलिसी त्याचे पैसे देत नाहीत. आणि मीटर लावल्याशिवाय हो-नाही काही ठरवू नका, ओलीचं दुखणं अंगावर काढलेल्या कॅरव्हॅन मी बघितल्यात, नंतर त्या कुणी विकत घेत नाही.