‘रुरकी खुर्ची’ म्हणून चिकटवलेली खुर्ची गळ्यात पडते तेव्हा

ऑर्डर रुरकी खुर्चीच्या प्रतिकृतीची होती. घरी आलेली खुर्ची दिसायला फोटोबरहुकूम: सागाचा रंग, तपकिरी चामडं, पितळी बकलं. तीन-चार महिन्यांत पुढचा डावा पाय सांध्यापाशी उभा चिरला. बनवणाऱ्याचं म्हणणं, ‘वजन जास्त पडलं असेल.’ वजनाचा काही संबंध नव्हता.

मूळ रुरकी खुर्ची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याच्या छावण्यांसाठी घडली. नाव आजच्या उत्तराखंडातल्या रुरकीच्या लष्करी ठाण्यावरून पडलं. डॅनिश फर्निचर डिझायनर कारे क्लिंट यांची 1933 ची सफारी खुर्ची तिच्यावरूनच आली. तिचं सगळं मर्म सांध्यात आहे. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार दांड्या, पाठीच्या दोन काठ्या, आणि गोंदाचा थेंब नाही. दांडीचं टोक निमुळतं, पायातलं भोकही त्याच कोनात निमुळतं. बैठकीचं चामडं बाजूच्या दोन दांड्यांवरून खाली जाऊन बकलांनी आवळलेलं असतं. माणूस बसला की बाजू आत ओढल्या जातात आणि पुढची-मागची दांडी पायांत आणखी घट्ट रुतते. हाताचे पट्टे पुढचा आणि मागचा पाय एकमेकांकडे ओढतात. जमीन खडबडीत असली तरी चारही पाय टेकतात, कारण सांधे किंचित हलू शकतात.

चिरलेल्या पायात काय निघालं? दोन्ही भोकं एकाच उंचीवर, सरळ ड्रिलनं पाडलेली. गोल खुंट्या गोंदानं बसवलेल्या, शिवाय आतून एक स्क्रू. मूळ रचनेत बाजूची आणि पुढची दांडी वेगवेगळ्या उंचीवर येतात. एकाच उंचीवर आणली तर दोन भोकं आत भिडतात आणि पायात लाकूडच उरत नाही. शिवाय गोंदानं सांधा ताठ झाला, म्हणजे फरशीवरची जराशी उंच-सखल जागाही थेट पायावर ताण देते. पाय चिरणारच होता.

निमुळतं भोक पाडायला वेगळं हत्यार लागतं, आठही सांधे एकेक करून जुळवावे लागतात. फसवणूक होते ती हे श्रम वाचवण्यापायी. आणि ती पकडायला एकच प्रश्न पुरतो: ‘खुर्ची सुटी करून दाखवता का?’ बकलं सोडल्यावर खुर्ची हातांनी सुटली पाहिजे. ‘आम्ही मजबुतीसाठी फिक्स केलीय’ हे उत्तर आलं की व्यवहार तिथेच थांबवावा.

लाकडाच्या बिलातही हात मारलेला होता. हिशेब सोपा आहे. चार पाय 2 × 2 × 24 इंच, म्हणजे 384 घन इंच. चार दांड्या 1.5 × 1.5 × 22, म्हणजे 198. पाठीच्या दोन काठ्या 1.5 × 1 × 18, म्हणजे 54. एकूण 636; भागिले 1728, साधारण 0.37 घनफूट. कापण्यातली घट धरून निम्मं आणखी जोडलं तरी 0.55 होतं. बिलात दीड घनफूट होतं.

तेही साग नव्हतं. गडद रंग लावलेलं रबरवूड, म्हणजे रबराच्या झाडाचं लाकूड होतं; थिनरचा बोळा दांडीच्या तळाला घासला तेव्हा कापूस तपकिरी झाला. सागाच्या आडव्या छेदात वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ भिंगातून दिसते; रबरवूडमध्ये छिद्रं सगळीकडे विखुरलेली. म्हणून पॉलिश मारण्याआधीच पाय पाहायला मागावेत. ओलावाही मीटरनं मोजावा, 10 ते 12 टक्के ठीक. ओल्या पायातलं गोल भोक सुकताना लंबगोल होतं, मग निमुळता सांधाही खुळखुळतो.

चामड्याची कापलेली कड बघा. अस्सल चामड्यात आरपार तंतू दिसतात, रेक्झिनमध्ये खाली कापड. इथे होतं दीड मिलिमीटरचं मऊ चामडं, ते ताणून बैठक झोळी झाली होती. झाडाच्या सालीनं कमावलेलं, 3 ते 3.5 मिलिमीटर जाडीचं मागा. ‘व्हेज टॅन’ म्हटलं की विक्रेत्याला कळतं.

पैसे तीन टप्प्यांत द्यावेत: लाकूड निवडल्यावर, कोरडी जुळणी बघितल्यावर आणि शेवटचा तिसरा हिस्सा खुर्ची समोर सुटी करून पुन्हा जोडल्यावर. कोरडी जुळणी म्हणजे चामड्याशिवाय, पॉलिशशिवाय उभी केलेली चौकट. प्रत्येक दांडीला आणि तिच्या भोकाला एकच आकडा पेन्सिलीनं घातलेला असावा. आकडे नसतील तर सांधे जोडीजोडीनं बसवलेले नाहीत.