जर्मनी की ब्रिटन? धरमपेठेतला हिशोब

भाचीचं इंजिनिअरिंग संपत आलं आणि रविवारी तर्री-पोह्याच्या प्लेटी बाजूला सारून वही उघडली गेली. मास्टर्स कुठं करायचं?

ब्रिटनचं गणित सोपं आहे, पण जड. अभ्यासक्रम एका वर्षाचा, भाषेची अडचण नाही. फी मात्र वीस-पंचवीस लाखांच्या घरात सहज जाते. वर आरोग्यसेवेचा सरचार्ज, वर्षाला ७७६ पौंड, व्हिसाच्या अर्जासोबतच भरायचा. शिकून झाल्यावर नोकरीसाठी दोन वर्षं राहता यायचं. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिनेच. आमच्या पोरीला १८च धरायचे.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीच नाही. (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र भारतीयांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात.) "मग फुकटच आहे नं!" भाऊजी खुश. फुकट कसलं! व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ११,९०४ युरो ठेवावे लागतात. तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. पैसा आपलाच, पण निघण्याआधी एकरकमी उभा करायचा. शिवाय कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट हाताशी हव्यात. तिची तिसऱ्या सेमिस्टरची अजून सापडत नाहीये.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण कॅफेतही जर्मन विचारतात.

घर गहाण टाकून ब्रिटन नकोच, असं मी भाऊजींना स्पष्ट सांगितलं. भाची सोमवारपासून जर्मनच्या क्लासला जातेय. ताई अजून मार्कशीट शोधतेय.