तुटलेले एक्झॉस्ट स्टड आणि मकरपुऱ्यातला लेथचा गाळा

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एक छोटा गाळा आहे, तिथे मुख्यतः जुन्या गाड्यांच्या हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाची, कामं होतात. सायलेन्सरकडचा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, डोकं नसलेला बोल्ट) हेडमध्येच तुटला असेल तर ड्रिल हातात घेण्याआधी हेड इथे दाखवावं. घरी अर्धवट भोक पाडून आणलेल्या हेडला दुप्पट मेहनत लागते आणि पैसेही तसेच लागतात.

मारुती ८०० सारख्या गाडीत हेड अल्युमिनियमचं आणि स्टड लोखंडी. गंज चढून दोन्ही धातू एकमेकांना धरतात. मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा, स्टडनी हेडला जोडलेला भाग, तापून लांबीत वाढतो, त्याचा ताण कडेच्या स्टडवर जास्त येतो, म्हणून बहुधा तेच आधी तुटतात. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज आणि जोडाशी काळी काजळी दिसली, तर स्टड तुटलाय असं समजावं.

इथल्या कारागिराची पद्धत बघण्यासारखी आहे. स्टड हेडच्या पातळीत तुटला असेल तर तो त्यावर वॉशर ठेवतो, भोकातून वेल्ड मारतो, मग वर नट ठेवून आतून वेल्डने भरतो. लोखंडाचं वेल्ड अल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेड वाचतं. तापलेला स्टड फुगू पाहतो पण भोवतीच्या धातूत दाबला जातो. निवताना आकसतो आणि आट्यांतला गंज सुटतो. लाली गेली की तो जोडाला मेणबत्ती टेकवतो, वितळलेलं मेण आत ओढलं जातं. त्यानंतरही पान्याला हिसका नाही. पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा. वेल्ड उखडलं तर पुन्हा मारायचं, दर तापण्यात पकड ढिली होते.

स्टड शाबूत असेल तर दोन नट एकमेकांवर आवळून, टॉर्चची आच स्टडवर न देता भोवतीच्या अल्युमिनियमवर देतात. अल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून भोक मोकळं होतं.

इझी-आउटला, म्हणजे तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून आत रुतवून तो उलटा फिरवायच्या हत्याराला, इथे शेवटचा नंबर, आणि ते बरोबरच आहे. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला की साधं ड्रिल त्यावर चालत नाही, मग स्पार्क इरोजनशिवाय (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवण्याशिवाय) सुटका अवघड. ड्रिल करावंच लागलं तर बरोबर मध्यावर पंच, आधी बारीक ड्रिल, आणि एम-८ x १.२५ (८ मिमी जाड, १.२५ मिमी अंतराचे आटे) स्टडसाठी ६.८ मिमीच्या वर जायचं नाही. आटे गेलेच तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून देतात, काम सरळ असतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मॅनिफोल्डची बैठक सपाट आहे का, हे सांगितल्याशिवाय तपासत नाहीत. ती वाकडी राहिली तर नवा स्टडही तुटणार, तेव्हा समोर सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून घ्यावा. जुनेच नट परत देतात. नवे स्टड, तांब्याचा मुलामा दिलेले नट आणि गॅस्केट आपणच न्यावं. अँटी-सीझही (आटे धरू नयेत म्हणून लावायचा लेप) तिथे लावत नाहीत. आट्यांवर तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ लावलं तर पुस्तकातल्या टॉर्कपेक्षा (आवळण्याच्या जोरापेक्षा) थोडं कमीच आवळावं, कारण ओशट आट्यांवर तोच टॉर्क स्टडला जास्त ताणतो. मधून कडेकडे आवळत जायचं, इंजिन एकदा पूर्ण तापवून थंड होऊ द्यायचं आणि नट पुन्हा तपासायचे.