माजिनो रेषेवरील शोनेनबुर्ग किल्ला, आल्सास (ईशान्य फ्रान्स) : अवश्य पाहावा असा

१९१४ मधील आक्रमणाच्या हट्टापायी लाखो सैनिक गमावल्यावर फ्रान्सने बचावाची शस्त्रसज्जता स्वीकारली आणि १९३० च्या कायद्याने माजिनो रेषेसाठी, म्हणजे जर्मनीलगतच्या सीमेवरील किल्ल्यांच्या साखळीसाठी, निधी दिला. ते धोरण प्रत्यक्ष समजून घ्यायचे असेल, तर हा भूमिगत किल्ला पाहायलाच हवा. स्वयंपाकघर, इंजिनघर, दवाखाना हे सारे स्वयंसेवकांनी मनापासून जपले आहे. मला मात्र सर्वांत मोलाचा वाटला तो प्रतिवजनाच्या आधाराने वरखाली होणारा, ७५ मिलिमीटर तोफांचा पोलादी घुमट, कारण तो परक्या भूमीत शिरण्यासाठी नव्हे, तर सीमा राखण्यासाठीच घडवला होता. जून १९४० मधील जर्मनांचा भीषण बॉम्बवर्षाव सोसूनही किल्ला लढून पडला नाही. युद्धविरामानंतर, १ जुलैला, तो जर्मनांकडे सोपवण्यात आला. सुमारे ३० मीटर खाली भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो आणि पायऱ्या पुष्कळ आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करूनच जावे.