डॉटएन्व्ह: तीन वर्षं वापरल्यावर

नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी तीन वर्षं डॉटएन्व्ह हे पॅकेज वापरतोय. काम एवढंच: एन्व्ह फाइल (पासवर्ड, पोर्ट अशा सेटिंगची साधी फाइल) वाचायची आणि त्यातल्या व्हॅल्यू एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या व्हेरिएबलमध्ये भरायच्या. कोडच्या वरती एक ओळ लिहिली की झालं.

तरी दोनदा चांगलाच आपटलोय. डेटाबेसच्या पासवर्डमध्ये हॅश (#) होतं आणि मी अवतरणचिन्हं घातली नव्हती. हॅशपासून पुढचं सगळं कॉमेंट समजून गायब! अर्धा पासवर्ड घेऊन तासभर लॉगिन करत बसलो. दुसऱ्यांदा फाइलमधला पोर्ट बदलत राहिलो, ॲप मात्र जुन्याच पोर्टवर. टर्मिनलमध्ये तोच व्हेरिएबल मीच आधी एक्स्पोर्ट करून ठेवला होता आणि आधीपासून असलेल्या व्हॅल्यूला हे पॅकेज हात लावत नाही. मला ते पटतं. सर्व्हरवरची खरी सेटिंग चुकून राहिलेल्या फाइलमुळे बदलत नाही. हवंच असेल तर ओव्हरराइडचा पर्याय आहे.

फाइलमध्ये 'फॉल्स' लिहिलं तरी ती नुसती स्ट्रिंग (मजकूर), म्हणजे इफमध्ये खरीच धरली जाते. (हा नोडचाच स्वभाव, पॅकेजला बोल लावत नाही.) तपासणी आपली आपण लिहायची.

नोड २०.६ पासून एन्व्ह फाइल वाचायचा फ्लॅग (कमांडसोबत द्यायचा पर्याय) नोडमध्येच मिळतो, त्यामुळे नव्या छोट्या कामात मी हे पॅकेज टाकतच नाही. जुन्यातून काढायला मात्र हात धजत नाही.